बांधावरचा माका आणि लिव्हरची चरबी

नीरा डाव्या कालव्याच्या चाऱ्या जिथून फिरतात तिथे माका असतोच. बारामतीहून भवानीनगर, अंथुर्णे करत इंदापूरकडे जाताना कुठल्याही चारीपाशी थांबलं तर पाझराने ओल्या राहिलेल्या बांधावर बारीक पांढऱ्या फुलांची, वीत-दीड वीत उंचीची ही वनस्पती पसरलेली दिसते. पान तळहातावर चुरडलं की हिरवा रस निघतो आणि बघता बघता काळपट होतो. उसाच्या सरीत आणि डाळिंबाच्या आळ्यात भुईआवळी उगवते. तिची फांदी उलटी केली की पानांच्या ओळीखाली मोहरीएवढी गोल फळं रांगेने लागलेली असतात. जरा कोरड्या जागी घेटुळी, म्हणजे वैद्यांची पुनर्नवा, लालसर फांद्या जमिनीलगत पसरून बसलेली असते. खुरपणीत या तिन्ही तण म्हणून उपटल्या जातात. आयुर्वेदात तिन्हींचं नाव यकृताच्या औषधांत येतं.

याच पट्ट्यातल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टांवर आता ‘ग्रेड 1 फॅटी लिव्हर’ ही ओळ वारंवार दिसते. मुतखड्यासाठी किंवा पोटदुखीसाठी म्हणून केलेल्या तपासणीत ती सापडते आणि घरात पहिला प्रश्न उठतो तो औषधाचा. गोळी आहे का? नसेल तर झाडपाला चालेल का? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ असं देता येत नाही. ते कुठे हो आहे, कुठे नाही, आणि कुठे चक्क धोक्याचं आहे, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी आजार. निरोगी लिव्हर साधारण दीड किलोचं असतं आणि त्यात चरबी नगण्य असते. 5 टक्क्यांहून जास्त पेशींत चरबीचे थेंब साठले की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. सोनोग्राफीत डॉक्टर लिव्हरची तुलना शेजारच्या उजव्या मूत्रपिंडाशी करतात. चरबीमुळे लिव्हर पडद्यावर जास्त पांढरं, उजळ दिसतं. मात्र सुरुवातीची थोडी चरबी सोनोग्राफीला दिसतच नाही. ती 20-30 टक्क्यांच्या घरात गेली की भरवशाने दिसते. बऱ्याच जणांत आजार तिथेच थांबतो. काहींत चरबीसोबत सूज येते, सुजेमागून लिव्हरमध्ये व्रणाचे धागे पडत जातात, त्याला फायब्रोसिस म्हणतात, आणि वर्षानुवर्षांनी त्यातल्या काहींना सिरॉसिस होतो. या सगळ्या प्रवासात बहुतेक काळ काहीही दुखत नाही.

दारूने हे होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे गळ्यात तुळशीची माळ असलेल्या, आयुष्यात दारूला न शिवलेल्या माणसाच्या रिपोर्टवर हे शब्द आले की घरात अवघडलेपण येतं. डॉक्टरांनी “नाना, कधी घेता का?” असं विचारलं की नाना दुखावतात. तुकोबांची पालखी ज्या गावांतून जाते तिथे माळकऱ्याला असा प्रश्न लागणारच. पण दारूविना होणारं फॅटी लिव्हर हा वेगळा, चयापचयाचा आजार आहे. 1980 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी त्याच्या सुजेच्या अवस्थेला नाव दिलं. 2023 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी आजाराचं नावच बदलून त्यात चयापचय हा शब्द घातला, त्यामागे हा कलंक पुसणं हेही एक कारण होतं. भारत सरकारने 2021 मध्ये हा आजार मधुमेह, कर्करोग, हृदयविकार यांच्या राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रमात घेतला.

ही चरबी येते कुठून? 2005 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोजमापात लिव्हरमधल्या चरबीपैकी सुमारे 59 टक्के शरीरातल्या साठ्यातून रक्तावाटे आलेली होती, 26 टक्के लिव्हरने स्वतः साखर-पिठूळ पदार्थांपासून बनवलेली होती आणि फक्त 15 टक्के थेट जेवणातल्या तेलातुपाची होती. म्हणजे तूप बंद केलं आणि चहात साखर तशीच ठेवली, तर लिव्हरचं काम फारसं हलकं होत नाही. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो, आणि फ्रुक्टोजचा मोठा वाटा लिव्हरलाच निस्तरावा लागतो. उसाच्या रसाच्या मोठ्या ग्लासात 30 ग्रॅमच्या वर साखर सहज असते. गूळ नैसर्गिक असला तरी त्याचाही बहुतांश भाग तीच साखर आहे. ज्या भागाची बाजारपेठ, शाळा, रस्ते, राजकारण उसावर उभं राहिलं, तिथे हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. ऊस पिकवणाऱ्यालाच हे सगळ्यात आधी कळायला हवं.

त्यातून आपली, म्हणजे भारतीयांची, शरीराची ठेवण वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या 6 गावांतल्या मातांचा आणि मुलांचा पाठपुरावा केला आणि दाखवून दिलं की आपली बाळं वजनाने लहान असूनही चरबीच्या प्रमाणात कमी नसतात. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि इंग्लंडमधल्या सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! म्हणून ‘आमचे हे तर बारीक आहेत’ हे वाक्य आपल्याकडे फार विश्वासाने घेऊ नये. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, हीच फॅटी लिव्हरची ओळखीची ठेवण आहे.

आता झाडपाल्याकडे येऊ. गावोगावी काविळीचं औषध देणारे असतात. कोणी पाल्याचा रस देतात, कोणी माळ घालतात, कोणी देवडांगरीचे थेंब नाकात टाकतात. त्यांच्याबद्दलचा विश्वास खोटा अनुभव सांगून तयार झालेला नाही. रुग्ण पिवळा आला आणि दोन-चार आठवड्यांत बरा होऊन गेला, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण दूषित पाण्यातून होणारी कावीळ, हिपॅटायटिस ए आणि ई, बहुतेकांत आपोआपच काही आठवड्यांत बरी होते. औषध घेतलं तरी, नाही घेतलं तरी. अशा आजारात कोणत्या पाल्याने खरंच काम केलं हे नुसत्या अनुभवाने कळू शकत नाही. फॅटी लिव्हरचं तर त्याहून कठीण. इथे पिवळेपणा नाही, भूक मरत नाही, बरं झाल्याचं घरी कळायलाही मार्ग नाही. काविळीवर कमावलेली ख्याती फॅटी लिव्हरला लागू करायची तर नव्याने तपासावं लागतं, आणि या प्रकरणाचा सगळा भर त्या तपासण्यावर आहे.

माक्यात वेडेलोलॅक्टोन, भुईआवळीत फिलँथिन, घेटुळीत बोराविनोन अशी संयुगं सापडली आहेत. उंदरांवर ती लिव्हरचं रक्षण करतात असे शोधनिबंध ढिगाने आहेत. पण त्यातले बरेचसे प्रयोग एका साच्याचे आहेत: उंदराला कार्बन टेट्राक्लोराइड नावाचं विष द्यायचं, आधी किंवा नंतर अर्क पाजायचा, आणि रक्तातली लिव्हरची एन्झाइम्स मोजायची. काही दिवसांत दिलेल्या विषाची इजा आणि दहा-वीस वर्षांत इन्सुलिनच्या बिघाडातून साचलेली चरबी या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

भुईआवळीची गोष्ट तर प्रत्येक वनौषधी संशोधकाने समोर ठेवावी अशी. हिपॅटायटिस बीचा विषाणू उजेडात आणणारे, 1976 चे नोबेल मानकरी बारूक ब्लमबर्ग आणि मद्रासचे एस. पी. त्यागराजन यांनी 1988 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल मांडला: भुईआवळी घेतलेल्या 37 जणांपैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली; औषध नसलेली नुसती पूड घेतलेल्या 23 पैकी फक्त एकाच्या. जगभर खळबळ झाली. मग इतर देशांत तेच करून पाहिलं तर तो परिणाम दिसेना. वाद झाला तो वनस्पतीच्या ओळखीवर, जातीवर, कुठे आणि केव्हा तोडली यावर. भुईआवळीच्या नावाखाली आपल्याकडेही तीन-चार सारख्या दिसणाऱ्या जाती बाजारात येतात, पुनर्नवेच्या नावाखाली वसू येते. बांधावर ओळखणाऱ्या बाईला फरक कळतो. पोत्यात वाळून, चुरा होऊन आल्यावर कोणालाच कळत नाही.

मुंबईतलं काम मला जास्त आश्वासक वाटतं. डॉ. अशोक वैद्य, डॉ. अंतरकर आणि सहकाऱ्यांनी आधी आरोग्यवर्धिनी या आयुर्वेदिक औषधावर आणि मग तिच्यातला मुख्य घटक असलेल्या कुटकीवर रीतसर चाचण्या केल्या. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विषाणूजन्य काविळीच्या रुग्णांना कोणती गोळी मिळते आहे हे ना रुग्णाला ठाऊक होतं, ना डॉक्टरला. कुटकीची 375 मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून तीनदा, दोन आठवडे. कुटकीच्या गटात 15 जण, दुसऱ्या गटात 18. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीतलं पिवळं रंगद्रव्य, 2.5 पर्यंत उतरायला कुटकीच्या गटाला सरासरी 27 दिवस लागले, दुसऱ्या गटाला 76. रुग्ण थोडे होते आणि आजारही कावीळच होता, फॅटी लिव्हर नव्हे. पण पद्धत बरोबर होती: परंपरेने सुचवलेलं औषध घ्यायचं, माणसांत तपासायचं, मग प्रयोगशाळेत जाऊन कारण शोधायचं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने कुटकीपासूनच पिक्रोलिव्ह हा प्रमाणित अर्क तयार केला. कुटकी मात्र हिमालयातली. ती इंदापूरच्या माळावर येणार नाही.

फॅटी लिव्हरवर माणसांत नीट तपासलेली वनस्पतिजन्य द्रव्यं थोडीच आहेत. युरोपातल्या मिल्क थिसल या काटेरी झाडाच्या बियांतलं सिलिमॅरिन आपल्या दुकानांत कितीतरी नावांनी मिळतं. मलेशियात 99 रुग्णांवर 48 आठवडे त्याची चाचणी झाली, निकाल 2017 मध्ये आले. दिवसाला 2,100 मिलिग्रॅम इतकी मोठी मात्रा दिली होती. बायोप्सीत आजाराचा एकूण गुणांक ठरल्याइतका सुधारलेल्यांचं प्रमाण 32.7 टक्के, नुसत्या पुडीवर 26. म्हणजे मुख्य कसोटीवर औषध उतरलं नाही. फायब्रोसिस मात्र 22 टक्के लोकांत कमी झालं, दुसऱ्या गटात 6 टक्के लोकांत. असा निकाल ‘पुन्हा मोठी चाचणी करा’ असं सांगतो. ‘सुरू करा’ असं तो सांगत नाही.

दारुहळदीतलं बर्बेरिन साखर आणि चरबी या दोन्हींवर काम करतं, आणि त्याच्यापासून बनवलेल्या एका संयुगाने 100 मधुमेही रुग्णांत 18 आठवड्यांत लिव्हरची चरबी कमी केल्याचं 2021 मध्ये दिसलं. वनस्पती तेलातून निघणाऱ्या व्हिटॅमिन ईचा पुरावा यांच्यापेक्षा भक्कम आहे. 2010 च्या एका अमेरिकी चाचणीत मधुमेह नसलेल्या 247 जणांपैकी व्हिटॅमिन ईच्या गटातले 43 टक्के सुधारले, पुडीच्या गटातले 19 टक्के. तरी फायब्रोसिस त्याने हटलं नाही, आणि वर्षानुवर्षं मोठ्या मात्रेत घेण्याचे स्वतःचे धोके आहेत. डॉक्टरांशिवाय ते घेऊ नये.

हळदीबद्दल थोडं सविस्तर, कारण ती घरात आहे. हळदपुडीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के. स्वयंपाकात माणशी दिवसाला 3 ग्रॅम हळद गेली असं धरलं तरी हाती 90 मिलिग्रॅम लागतात. चाचण्यांत 500 ते 1,500 मिलिग्रॅम देतात. त्यातलंही फारसं रक्तात पोचत नाही. 1998 मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातलं पाइपरिन सोबत दिलं की कर्क्युमिनचं शोषण 20 पटींनी वाढतं. तेव्हापासून मिरे घातलेल्या हळदीच्या गोळ्या जगभर निघाल्या. आणि 2019 मध्ये इटलीत अशा पूरक गोळ्या घेणाऱ्यांत लिव्हरला सूज आल्याची वीसेक प्रकरणं नोंदली गेली. 2022 मध्ये अमेरिकेतल्या 10 रुग्णांचा अहवाल आला, त्यात एकाचा मृत्यू झाला होता. त्या 10 पैकी 7 जणांत एक ठरावीक जनुकीय खूण सापडली. भाजीतली हळद निर्धोक आहे. शोषण वीसपट केलेली गोळी ही भाजीतली हळद राहत नाही.

गुळवेलीने हे आपल्या दारात दाखवलं. करोनाच्या काळात काढे घरोघरी शिजत होते. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये मुंबईतल्या लिव्हरतज्ज्ञ डॉ. आभा नागराळ आणि सहकाऱ्यांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले 6 रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पती ओळखण्यात चूक असू शकते, दुसरी सारखी दिसणारी वेल असू शकते. पुढे देशातल्या 13 केंद्रांतल्या 43 रुग्णांचा अहवाल आला. ज्यांच्या शरीरात स्वतःच्याच पेशींवर हल्ला करणारा आजार सुप्त असतो त्यांना गुळवेलीचा धोका जास्त दिसतो. आधीच चरबीने थकलेल्या लिव्हरवर, ‘नैसर्गिक आहे’ एवढ्या कारणावर, रोज सकाळी उपाशीपोटी कसलाही काढा पिणं थांबवायला हवं. एन्झाइम्स वाढलेली असतील तर डॉक्टरांना घेत असलेल्या प्रत्येक पुडीचं, चूर्णाचं, रसाचं नाव सांगायला हवं. ‘ते काय औषध नाही’ म्हणून लोक नेमकं तेच सांगायचं राहू देतात.

बारामती-इंदापूरला जवळची अशी एक वनस्पती उरली, ती म्हणजे खुद्द ऊस. उसाच्या कांडीवर पांढुरका मेणचट थर असतो. गाळपात तो रसात उतरतो आणि शेवटी कारखान्याच्या प्रेसमडमध्ये जाऊन बसतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरहून जो प्रेसमड खत म्हणून शेतात येतो त्यात हे मेण असतं. ऊसवाल्या क्यूबाने 1990 च्या दशकात या मेणातून पॉलिकोसॅनॉल नावाचं मिश्रण काढलं आणि ते कोलेस्टेरॉल उतरवतं असे क्यूबातले शोधनिबंध एकामागून एक आले. 2006 मध्ये जर्मनीत 143 रुग्णांवर 10 पासून 80 मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रा तपासल्या तेव्हा कोणत्याच मात्रेने फरक पडला नाही. त्याच क्यूबातून 2015 मध्ये आलेलं दुसरं काम मात्र आजही या आजाराच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. हवानातल्या 293 रुग्णांना वर्षभर कमी उष्मांकाचं जेवण आणि चालणं दिलं, आधी आणि नंतर बायोप्सी केली. ज्यांनी वजन 10 टक्के किंवा जास्त उतरवलं त्यांच्यातल्या 90 टक्क्यांची सूज गेली आणि 45 टक्क्यांचं फायब्रोसिसही मागे हटलं. तितकं वजन उतरवणारे मात्र दहांतला एकच होता. 80 किलोच्या माणसाला ते 8 किलो होतात. वजन उतरवा म्हणणं सोपं आहे आणि उतरवून टिकवणं फार कठीण. म्हणून तर औषध हवं, आणि म्हणून झाडांकडे पाहणं चुकीचं नाही.

झाडाने दिलेलं रसायन औषध कसं होतं याचा धडा सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे. 1835 मध्ये युरोपातल्या रसायनज्ञांनी त्या झाडाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन हे कडू द्रव्य काढलं. त्याने लघवीवाटे साखर जाते हे नंतर कळलं. ते तोंडाने घेतलं तर आतड्यातच मोडत होतं, जुलाब होत होते. शंभर-दीडशे वर्षांनी रसायनज्ञांनी त्याच्या रचनेत बदल करत ते आतड्यात टिकेल आणि मूत्रपिंडातच काम करेल असं केलं. त्यातून डापाग्लिफ्लोझिन आलं, भारतात 2020 मध्ये त्याचं पेटंट संपल्यावर स्वस्त झालं, आणि आज आपल्या कितीतरी मधुमेही शेतकऱ्यांच्या डबीत ती गोळी आहे. 2025 मध्ये चीनमधल्या 154 रुग्णांच्या चाचणीत 48 आठवड्यांत तिने लिव्हरची सूज 53 टक्क्यांत सुधारली, औषध नसलेल्या गोळीवर 30 टक्क्यांत. सालीचा काढा पिऊन हे साधलं नसतं.

माक्याला, भुईआवळीला अशी संधी अजून मिळालेली नाही, आणि ती इथे मिळू शकते असं मला मनापासून वाटतं. 2015 च्या नियमांनुसार भारतात वनस्पतिजन्य औषधांसाठी स्वतंत्र वर्ग आहे: अर्क शुद्ध आणि प्रमाणित हवा, त्यातली किमान 4 संयुगं ओळखून मोजलेली हवीत, आणि माणसांतल्या चाचण्या हव्यात. बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, माळेगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, अजैविक ताणावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. रुग्ण आहेत, आणि रोपटं चारीवर आहे. दोन गट करावेत, दोघांनाही जेवणाचा आणि चालण्याचा सारखाच सल्ला द्यावा, एकाला माक्याचा प्रमाणित अर्क आणि दुसऱ्याला दिसायला-चवीला तशीच पुडी. चाचणीची नोंद आधी सरकारी नोंदवहीत करावी. वर्षभर लिव्हरची चरबी फायब्रोस्कॅन या यंत्रावर मोजावी, आणि महिन्या-महिन्याला एन्झाइम्स बघावीत, म्हणजे इजा होत असेल तर वेळीच कळेल. दोन्ही गटांना पुरेल एवढं औषध एकाच वाणाचं, एकाच ठिकाणचं, एकाच तोडणीचं लागेल. माका पावसाळा सरताना भरात असतो. बियाणं, वाफे आणि वाळवणाची सोय त्याआधी, जूनपासून करून ठेवावी लागेल.